ताप उतरला, पण पळायचे केव्हा?

पावसाळा सरला की आमच्या दवाखान्यात तापाचे रुग्ण कमी होतात आणि एक ठरलेला प्रश्न येऊ लागतो. "डॉक्टरसाहेब, ताप गेला. जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन आहे, पैसेही भरून झालेत. पळू ना?" पूर्वी असा प्रश्न पोलीस भरतीची मुले तेवढी विचारत. आता शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दुकानदार आणि चाळिशीतल्या गृहिणीही विचारतात. मुंबईची मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, साताऱ्याच्या घाटातली अर्धमॅरेथॉन २०१२ साली. पळण्याचा हा छंद तालुक्याच्या गावापर्यंत पोचला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र आजारातून नुकत्याच उठलेल्या माणसाने काही गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. हौशी माणसाला ते कापायला चार ते सहा तास लागतात. एवढा वेळ हृदय नेहमीच्या दुप्पट वेगाने चालते, घामावाटे पाणी आणि मीठ जाते, स्नायूंतला साखरेचा साठा संपत येतो. निरोगी आणि सराव असलेल्या शरीरालाही हे जड जाते. तापात आठ-दहा दिवस अंथरुणावर काढले की रक्तातले पाणी कमी होते, स्नायू उतरतात, भूक मंदावते. म्हणजे थर्मामीटरचा पारा खाली आला तरी शरीराची झीज भरून निघालेली नसते. ताप उतरणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यातला सर्वांत मोठा धोका हृदयाचा. विषाणूंमुळे येणाऱ्या काही तापांत हृदयाच्या स्नायूंना सूज येऊ शकते. फ्लू, डेंगू, कोरोना यांपैकी कशानेही हे घडू शकते. बहुतेकांना असे होत नाही. पण ज्याला होते, त्याला कधी कधी जाणवतही नाही. अशा वेळी जोराने पळल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊन माणूस जागच्या जागी कोसळू शकतो. म्हणून तापानंतर छातीत दुखणे, धडधड, थोड्या श्रमाने धाप, चक्कर किंवा पायावर सूज यांपैकी काहीही असल्यास पळणे ताबडतोब थांबवावे व डॉक्टरांना दाखवून ई.सी.जी. काढावा. सूज आहे असे निदान झाले, तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम वर्ज्य असतो. तेथे हट्ट चालत नाही.

मग पळायला सुरुवात केव्हा करावी? नुसती सर्दी असेल, नाक वाहते आहे पण ताप नाही, अंग दुखत नाही, तर हलके पळण्यास हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला किंवा जुलाब असतील तर अजिबात पळू नये. साधा फ्लू असेल तर तापाची गोळी न घेताही ताप येत नाही अशी स्थिती आल्यावर आणखी किमान एक आठवडा जाऊ द्यावा. डेंगू, टायफॉइड, मलेरिया, कावीळ यांनंतर काही आठवडे लागतात. टायफॉइडमध्ये आतड्याला जखमा असतात, मलेरियात पाणथरी वाढलेली असते, काविळीत यकृत थकलेले असते. तेव्हा तपासणी करून घेऊन, डॉक्टर सांगतील तेव्हाच बूट बांधावेत.

घरच्या घरी करण्यासारखी एक सोपी तपासणी सांगतो. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. आजारापूर्वी ती ६४ असेल आणि आता ७५ भरत असेल, तर शरीर अजून दुरुस्तीच्या कामात गुंतले आहे असे समजावे. नाडी पूर्वपदावर आली की चार दिवस अर्धा तास भरभर चालून पाहावे. दुसऱ्या दिवशी थकवा राहिला नाही, तर चालणे आणि सावकाश पळणे आलटून पालटून करावे. कसलाही त्रास जाणवल्यास एक पायरी मागे यावे.

आता राहिला बुडालेला सराव. चार-पाच दिवस बुडाले तर विशेष बिघडत नाही. दोन-तीन आठवडे बुडाले की दम कमी झालेला स्पष्ट जाणवतो. येथे बरेच जण एक चूक करतात. राहिलेले किलोमीटर शेवटच्या पंधरवड्यात भरून काढू पाहतात. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी करता येईल. स्नायू आणि शिरा मात्र अशा तयार होत नाहीत. त्यातून गुडघा आणि टाच दुखावते, आणि आजारातून उठलेले शरीर पुन्हा आजारी पडते. बुडाले ते बुडाले. या हंगामात एकदाही २८-३० किलोमीटरची मजल झाली नसेल, तर पूर्ण मॅरेथॉनचा विचार सोडावा. सोय असल्यास कमी अंतराच्या शर्यतीत उतरावे, नाहीतर पुढच्या वर्षी पळावे. भरलेले पैसे बुडतील, पण ते हॉस्पिटलच्या एका दिवसाच्या बिलापेक्षा कमीच असतात.

थोरामोठ्यांनाही हे चुकलेले नाही. एमिल झाटोपेक याने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकली. १९५६ साली मेलबर्नला तो हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर थोड्याच आठवड्यांत धावला आणि सहावा आला. जगातल्या सर्वोत्तम धावपटूची ही गत, तर आपली काय? दुसरे उदाहरण फ्रेड लेबो यांचे. न्यूयॉर्क मॅरेथॉन नावारूपाला आणणाऱ्या या गृहस्थांना १९९० साली मेंदूचा कर्करोग झाला. उपचारांनंतर १९९२ साली, साठाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचीच शर्यत पूर्ण केली. वेळ लागला साडेपाच तासांहून अधिक. ही शर्यत नऊ वेळा जिंकलेली ग्रेटा वाइट्झ त्यांच्या गतीने त्यांच्या बाजूने धावली. आजारानंतर सावकाश पळण्यात कमीपणा नाही, हे यावरून कळावे.

पळायचे ठरलेच, तर त्या दिवसासाठी चार पथ्ये. पहिले, सकाळी कणकण वाटली तर तापाची गोळी घेऊन पळू नये. गोळीने ताप झाकला जातो, आजार नाही. दुसरे, वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात, कारण घामाने पाणी कमी झाले असता त्या मूत्रपिंडांना इजा करतात. तिसरे, पाणी तहानेप्रमाणे प्यावे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातले सोडियम कमी झालेले आढळले, आणि त्याचे एक मुख्य कारण भरमसाट पाणी पिणे हे होते. चौथे, छातीत दुखले, चक्कर आली किंवा बोलणे अडखळू लागले तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत मागावी.

घरच्या मंडळींनाही एक विनंती. "एवढे पैसे भरलेस, आता पळच" असे म्हणू नका. शिर सलामत तर पगडी पचास. मॅरेथॉन दर जानेवारीत येते. हृदय मात्र एकच असते.