सीझन संपला की धंद्यात काय करायचं? होकुलेआ होडीचा धडा

मागच्या व्हिडिओत सीझन संपल्यानंतरच्या दिवसांबद्दल बोलताना मी होकुलेआचं नुसतं नाव घेतलं होतं. आज ते जरा नीट बघू.

होकुलेआ ही हवाई बेटांवरची शिडाची होडी, 1975 साली पाण्यात उतरलेली. दोन लांब होड्या आडव्या तुळयांनी जोडायच्या आणि वर डेक, अशी जुनी पॉलिनेशियन बांधणी. लांबी सुमारे 62 फूट. होकुलेआ हे एका ताऱ्याचं नाव, आपण ज्याला स्वाती म्हणतो तोच तारा! 1976 मध्ये ती होकायंत्राशिवाय ताहितीला पोचली. तारे आणि लाटा बघून वाट दाखवली सातावाल बेटावरच्या माउ पियाइलग यांनी.

प्रवासाची गोष्ट सगळेच सांगतात. आपल्या कामाची गोष्ट आहे ती होडी थांबते तेव्हाची.

1999 मध्ये ही होडी मांगारेवाहून निघून 17 दिवसांत रापा नुईला, म्हणजे ईस्टर बेटावर पोचली. जवळची वस्ती असलेलं दुसरं बेट तिथून 2000 किलोमीटरवर! आणि बेटाला सगळ्या वाऱ्यांपासून आडोसा देणारं बंदरच नाही. वारा फिरला की सकाळची सुरक्षित जागा संध्याकाळी धोक्याची होते, नांगर उचलून दुसऱ्या बाजूला जावं लागतं. म्हणून अशा ठिकाणी किनाऱ्यावर कितीही जोरात स्वागत चालू असलं, तरी सगळ्यांनी एकदम उतरून चालत नाही. कोणीतरी होडीवर थांबतोच. समुद्रात पाळ्या असतात, तशा नांगरावरही.

मग थांबलेला माणूस करतो काय? दोर बघतो. ही होडी मैलोन्मैल दोराने बांधलेली आहे. तुळया होड्यांना खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, दोरांनी आवळलेल्या आहेत. लाटांनी दोर घासतात, सैल होतात. भर समुद्रात ते बदलणं जिवावरचं काम, नांगरावर निवांत होतं. आपले कोळी बांधव जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जाळी विणतात, होडी रंगवतात, ते याच हिशोबाने.

दुसरं काम माल भरण्याचं. इथे मात्र सांभाळा. पाणी कमी घेतलं तर तहान, जास्त घेतलं तर होडी जड. मार्च 1978 मध्ये होकुलेआ ताहितीसाठी होनोलुलूहून निघाली, तेव्हा लांबच्या प्रवासाचा माल ठासून भरलेला होता आणि वाऱ्याला जोर होता. त्याच रात्री एका बाजूच्या होडीत पाणी शिरलं आणि ती उलटली. एडी आइकाऊ हा खलाशी सर्फबोर्ड घेऊन मदत आणायला निघाला, तो परत सापडलाच नाही. बाकीचे वाचले. त्यानंतर नैनोआ थॉम्पसन या तरुणाने माउंना पुन्हा बोलावून आणलं, शिक्षण नव्याने सुरू झालं, सोबत दुसरी बोट ठेवायचं ठरलं. 1980 मध्ये ताहितीची फेरी पूर्ण झाली, तेव्हा वाट नैनोआने दाखवली.

आता तुमचं बघा. दिवाळी फराळाचा धंदा करणाऱ्या एखाद्या ताई नोव्हेंबरनंतर दोन चुका करू शकतात. एकतर शटर ओढून थेट गणपतीनंतरच उघडायचं, किंवा हातात पैसा आहे म्हणून वर्षभराचे डबे, पिशव्या, लेबलं एकदम भरून ठेवायची. पहिल्यात गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. दुसऱ्यात खेळतं भांडवल गोदामात अडकतं, आणि उधारीवाल्याचा फोन आला की धाप लागते. माझ्या मते दुसरी चूक जास्त घातक, कारण ती करताना आपण फार तयारीत आहोत असं वाटतं.

या आठवड्याचा गृहपाठ: वहीचं एक पान घ्या. सीझनमध्ये काय काय घासलं, सैल झालं ते लिहा. बिघडलेलं मशीन असेल, सोडून गेलेला कारागीर असेल, अडकलेली उधारी असेल. समोर दुरुस्तीचा खर्च आणि तारीख टाका. मग गोदामात जाऊन सहा महिन्यांत न हललेला माल मोजा. तो आकडा घेऊन पुढच्या व्हिडिओला या, स्टॉक किती ठेवायचा याचा हिशोब तिथे सोबतच मांडू.