ऐकताना मन का भरकटते?

अलीकडे माझ्या दवाखान्यात येणारे ज्येष्ठ एक नवीच तक्रार सांगतात. डोळ्यांमुळे वाचवत नाही म्हणून मुलाने मोबाइलवर पुस्तके ऐकण्याची सोय करून दिलेली असते. पण दहा मिनिटांतच लक्ष उडते. मग हळू आवाजात प्रश्न येतो, "डॉक्टरसाहेब, हा विसरण्याचा आजार तर नाही ना?"

बहुतेक वेळा तसे नसते. वाचताना धागा सुटला तर आपण मागची ओळ पुन्हा वाचतो. ऐकताना आवाज आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून ऐकण्याची सवय मुद्दाम लावावी लागते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. श्रोत्यांमध्ये साने गुरुजी होते व ते ऐकता ऐकता लिहून घेत. त्यातूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक तयार झाले. थोडे ऐकावे आणि ऐकलेल्याचे काहीतरी करावे, हाच यातला धडा.

तेव्हा एका बैठकीस पंधरा-वीस मिनिटे पुरेत. प्रकरण संपले की घरातल्या कुणाला त्याचा सारांश दोन वाक्यांत सांगावा किंवा वहीत लिहावा. जमले नाही तर तेच प्रकरण पुन्हा ऐकावे. त्यात कमीपणा नाही. वाचनाचा वेग कमी कसा करायचा, हे नातवंडांकडून शिकून घ्यावे. जेवणानंतर आडवे होऊन ऐकल्यास डोळा लागणारच. सकाळी बसून ऐकावे.

ऐकताना शेंगा सोलणे, धान्य निवडणे चालते. मात्र वर्तमानपत्र चाळणे किंवा मोबाइलवरचे संदेश वाचणे नको. त्यांनाही शब्दच लागतात आणि मेंदू एकाच वेळी दोन्हीकडे नीट लक्ष देऊ शकत नाही. वाहन चालवताना व रस्ता ओलांडताना कानात काही घालू नये.

आता महत्त्वाचे. 'लक्ष लागत नाही' म्हणणाऱ्या काहींना मुळात नीट ऐकूच येत नसते. उतारवयात स, श यांसारखी अक्षरे आधी अस्पष्ट होतात. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. शब्द ओळखण्यातच मेंदू दमतो. मग अर्थ लावणार कोण? अशा वेळी आवाज वाढवत नेणे हा उपाय नव्हे, मोठ्या आवाजाने कान अधिकच बिघडतात. कधी नुसता मळ साचलेला असतो. तो काडीने किंवा पिनेने न काढता डॉक्टरांकडून काढून घ्यावा. तरीही फरक न पडल्यास श्रवणतपासणी करावी आणि श्रवणयंत्र सांगितले तर लाजू नये. दुर्लक्षित बहिरेपणाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

मात्र ओळखीची वाट चुकणे, तोच प्रश्न वारंवार विचारणे, पैशांच्या व्यवहारात गोंधळ होणे, असे काही दिसू लागले तर घरच्यांनी वयाकडे बोट दाखवून थांबू नये. झोप, उदासी, थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, अशी बरी होण्याजोगी कारणेही त्यामागे असू शकतात. वेळीच तपासणी करून घ्यावी.