घोडा पडतो, पण गोळी उडत नाही तेव्हा

जुनं पॉइंट टू-टू रिव्हॉल्व्हर मध्येच दगा द्यायला लागलं, की बहुतेक जण स्प्रिंगवर संशय घेतात. मी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी रेंजवर नेमबाजीला जातो. "जोरदार स्प्रिंग बसवा, काम होईल," हा सल्ला तिथं मीही ऐकला. माझ्या रिव्हॉल्व्हरचं दुखणं मात्र वेगळंच निघालं. असं हत्यार कुणाच्या हाती असेल तर त्यांनी पुढचं जरूर वाचावं.

माझं रिव्हॉल्व्हर १९५०च्या दशकातलं, नऊ गोळ्यांचं आणि बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं. वापरलेलंच घेतलं होतं, पण नळी आतून लख्ख. तक्रार एवढीच, की अधूनमधून घोडा पडायचा, नुसता 'टक्' आवाज यायचा आणि गोळी उडायची नाही. तेच काडतूस पुन्हा घोड्याखाली आलं की बहुधा उडायचं. एका दिवशी तर सिलिंडर फिरता फिरता मध्येच अडकलं. शेजारच्या लेनमधले गृहस्थ म्हणाले, "अंगठ्यानं जोर लावा, फिरेल." मी चाप सोडला, नळी लक्ष्याकडेच ठेवून थांबलो आणि मग सिलिंडर अलगद उघडून काडतुसं बाहेर काढली. एका काडतुसाच्या बुडाच्या कडेवर पितळ घासल्याची ताजी, चकचकीत रेघ होती.

ती रेघ साधी नव्हती. एनसीसीत ज्यांनी पॉइंट टू-टू रायफल चालवली आहे, त्यांना ते चिमुकलं काडतूस आठवत असेल. त्याच्या बुडाच्या मधोमध टोपी नसते. पेट घेणारं मिश्रण बुडाभोवतीच्या पोकळ कडेत, म्हणजे रिममध्ये भरलेलं असतं. फायरिंग पिन रिमला चेंबरच्या काठावर चिरडते आणि ठिणगी पडते. काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसलं नसेल, तर रिम मागे उरते आणि सिलिंडर फिरताना चौकटीला घासते. तिथं जोर केला आणि रिम चिरडली गेली, तर गोळी उडू शकते, आणि त्या क्षणी चेंबर नळीसमोर नसतं. म्हणून पहिला नियम: अडकलेलं सिलिंडर कधीही जबरदस्तीनं फिरवू नका.

दुसरा नियम: गोळी उडाली नाही, तर नळी लक्ष्याकडे ठेवून किमान ३० सेकंद थांबा. ठिणगी उशिरानं लागू शकते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी मारूच नका. हत्यार रिकामं करून नळी तपासा. आत शिसं अडकलेलं असताना मागून दुसरी गोळी आली तर नळी फुगते किंवा फाटते.

आता निदान. सिलिंडरच्या चेंबरांवर मार्कर पेननं आकडे घाला आणि फसलेलं प्रत्येक काडतूस कोणत्या चेंबरमधलं होतं ते लिहून ठेवा. काडतूस फसणं कुठल्याही चेंबरमध्ये होत असेल, तर संशय काडतुसांवर, स्प्रिंगवर किंवा पिनवर. ठरावीक चेंबरांतच होत असेल, तर दोष त्या चेंबरांत. माझ्या वहीत तेच तेच आकडे येत होते. स्प्रिंग तर सगळ्या चेंबरांना एकच!

मग फसलेल्या काडतुसाची रिम भिंगाखाली पाहा. पिनेची खूण उथळ असेल, तर स्प्रिंग थकलेली असते, घोड्याच्या खाचेत जुनं तेल चिकट होऊन बसलेलं असतं, किंवा काडतूस पूर्ण बसलेलं नसल्यामुळे घोड्याचा जोर ते आत ढकलण्यातच संपलेला असतो. पहिल्या ठोक्याला फसलेलं काडतूस दुसऱ्याला उडतं, ते बरेचदा याचमुळे. खूण खोल असूनही गोळी उडाली नसेल, तर त्या जागी मिश्रण पोचलेलं नसावं. दुसऱ्या कंपनीची काडतुसं वापरून पाहा.

यानंतर सफाई. हत्यार रिकामं असल्याची दोनदा खात्री करा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट घेऊन प्रत्येक चेंबर घासा. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे कण साचतात, तेही काढा. पॉइंट टू-टूमध्ये शॉर्ट हे काडतूस १८५७चं, तर आज सर्रास मिळणारं लाँग रायफल १८८७चं. लाँग रायफलच्या चेंबरमध्ये आखूड शॉर्ट पुष्कळ वापरली गेली असेल, तर आत काजळीचं कडं धरतं आणि लांब काडतूस तिथं अडतं.

सफाईनंतरही माझी काही चेंबरं काडतूस पूर्ण घेईनात. टॉर्च लावून पाहिलं, तर त्यांच्या मागच्या काठावर पिन आपटते तिथंच बारीक चकाकती खाच होती आणि खाचेतलं लोखंड चेंबरच्या आत झुकलेलं. रिकामा घोडा वर्षानुवर्षं आपटल्याचा हा परिणाम. रिम नसली की पिन थेट काठावर बसते.

पुण्यात मी टूलरूममध्ये काम केलं आहे, कानस हातात खेळते. तरी कानस लावली नाही. धातू काढला तर रिमचा आधार जातो आणि पुंगळी तिथं फुटू शकते. सरकलेला धातू परत जागेवर दाबायला वेगळं अवजार असतं आणि ते काम बंदूक-कारागिराचं. त्यानं काठ सरळ केले आणि पिन किती पुढे येते तेही मोजलं, कारण पिन लांब असती तर खाच पुन्हा पडली असती. स्प्रिंग बदलावीच लागली नाही. जोरदार स्प्रिंगनं रोग तसाच राहून चाप तेवढा जड झाला असता.

घरी सराव करायचा तर प्लॅस्टिकची नकली काडतुसं घाला. रिकाम्या सिलिंडरवर घोडा आपटू नका. जुन्या सिंगल ॲक्शनमध्ये, म्हणजे दर वेळी घोडा हातानं मागे ओढावा लागणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये, घोड्याखालचं चेंबर रिकामं ठेवा. रुगरच्या १९७३पूर्वीच्या अशा रिव्हॉल्व्हरांत कंपनी सुरक्षेचे भाग मोफत बसवून देते, ती सोय जरूर घ्या.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार हत्यारांच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. वडिलांचं, आजोबांचं रिव्हॉल्व्हर तुमच्या नावावर रीतसर झालेलं असलं, तरी ते घरी उघडत बसू नका, ओळखीच्या फिटरकडेही नेऊ नका. परवानाधारक दुकानातच द्या. देताना मात्र फसलेल्या चेंबरांची नोंद सोबत द्या. कारागिराचं निम्मं काम तिथंच होतं, आणि विनाकारण भाग बदलण्याचा तुमचा खर्च वाचतो.