लाल गोळी आणि चहाचा कप

पाण्याचा हंडा उचलला की धाप लागते. बसून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. विचारले तर बाई म्हणते, "कामाचा शीण आहे, दुसरं काय!" पण पंचविशीच्या बाईला एवढा शीण का यावा?

डोळ्याची खालची पापणी जरा खाली ओढा आणि आरशात पाहा. आतली बाजू लालसर दिसायला हवी. ती फिकी, पांढुरकी दिसली तर अंगात रक्त कमी असण्याचा संभव आहे. कुणाला माती, राख, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. घरची माणसे रागावतात. पण ती नुसती खोड नसेल. रक्त कमी झाल्याचीही ती खूण असू शकते. खात्री मात्र तपासणीनेच होते. दवाखान्यात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन आकडा सांगतात. बाईचा आकडा १२ च्या खाली, गरोदर बाईचा ११ च्या खाली आणि पुरुषाचा १३ च्या खाली असला, तर रक्त कमी आहे असे समजतात. २०१९ ते २०२१ या काळात देशभर आरोग्याची पाहणी झाली. तीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांचे रक्त कमी भरले.

आपल्या रक्तात लोह असते. लोह म्हणजे लोखंडच! त्याच्या जोरावर रक्त छातीतला प्राणवायू उचलते आणि अंगभर पोचवते. लोह कमी पडले की हृदयाला जास्त धडधडावे लागते. म्हणून ती धाप. गरोदरपणी पोटातले मूलही आईच्याच रक्तातून लोह घेते. अशा वेळी रक्त फार कमी असेल, तर बाळंतपणात थोडे जास्त रक्त गेले तरी आईच्या जिवावर बेतते.

यासाठी सरकारी दवाखान्यातून लोहाच्या लाल गोळ्या फुकट मिळतात. गरोदर बाईने रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस त्या घ्यायच्या असतात. गोळ्या घरी येतात खऱ्या, पण पोटात जातात का? फळीवरचा डबा उघडून पाहा!

आमच्या वर्गात एक सूनबाई म्हणाली, "गुरुजी, चार दिवस गोळी खाल्ली आन् शौचाला काळं झालं. सासूबाई म्हणाल्या, गोळी उष्ण पडली. मग दिली टाकून."

तिला भीती वाटली यात नवल नाही. गोळी देणाऱ्याने हे आधीच सांगायला हवे. गोळीतले सगळे लोह अंगात जिरत नाही. उरलेले बाहेर पडते, त्याने शौच काळे होते. त्यात अपाय नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्यावी. मी तिला विचारले, "गोळी कशाबरोबर घेत होतीस?"

"चहाबरोबर. सकाळचा चहा घेतला की लगेच आठवण राहते."

इथेच घात होतो. चहात जो तुरटपणा असतो, तो लोहाला धरून ठेवतो आणि अंगात जिरू देत नाही. गोळीचे तसेच जेवणाचे. आपल्याकडे जेवून हात धुतो न धुतो तोच चहाचे आधण चढते. भाकरी-भाजीतले लोह मग पुष्कळसे वाया जाते. चहा सोडा असे मी म्हणत नाही. मलाही तो लागतो. पण जेवणाच्या किंवा गोळीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास चहा नको. दूध आणि हाडांसाठी देतात ती कॅल्शियमची गोळीही लोहाबरोबर घेऊ नये. लिंबू, आवळा, पेरू यांनी मात्र लोह चांगले जिरते. भाजीवर लिंबू पिळायला काय खर्च येतो?

बाजरी, अळीव, मोडाची मटकी, हिरव्या पालेभाज्या यांत लोह असते. खात असाल तर मटण, कलेजी, सुकट यांतले लोह अधिक लवकर जिरते. लोखंडी कढईत आंबट आमटी केली तर कढईचेही थोडे लोह उतरते. आमटी झाल्यावर दुसऱ्या भांड्यात काढावी. गुळाचे नाव फार झाले आहे, पण नुसत्या गुळाच्या खड्याने रक्ताची तूट भरत नाही. आणि घरची बाई सर्वांच्या मागून जेवायला बसते, तेव्हा भांड्यात काय उरलेले असते? खरकटा रस्सा. बाप्यांनी याचा विचार करावा.

अनवाणी चालण्याचाही याच्याशी संबंध आहे. उघड्यावर शौचाला बसतात तिथल्या मातीतून एक बारीक जंत तळपायातून अंगात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतो. तेव्हा पायात चप्पल हवी, घरात संडास हवा. जंताची गोळी दवाखान्यात मिळते. गरोदर बाईने ती विचारूनच घ्यावी.

महिनाभरात बरे वाटू लागते आणि गोळी सुटते. तसे करू नये. आकडा भरल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, तेव्हा अंगात लोहाचा साठा होतो. गोळी घेऊनही आकडा हलत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. नंदुरबार, गडचिरोली या भागांत सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार पुष्कळ आढळतो. तो आईबापांकडून मुलांत येतो. त्याची तपासणी वेगळी असते आणि त्यात लोहाची गोळी आपल्या मनाने घेऊ नये.

आणखी एक. गोळी लाल, चकचकीत असते. लहान मुलाला ती खाऊ वाटते. मूठभर गोळ्या गिळल्या तर मूल दगावू शकते. तेव्हा डबा उंच फळीवर, झाकण घट्ट लावून ठेवा. मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी वाट न पाहता त्याला दवाखान्यात न्या आणि रिकामे पाकीटही बरोबर घ्या.