अभ्यासपाठ : नाबोथाचे वतन आणि मुळशीचे पाणी

शास्त्रवाचन : 1 राजे 21:1-19

लग्नसराईत संध्याकाळी भूगावहून पौडकडे निघालो, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मंगल कार्यालयांची रोषणाई लागते. पिरंगुट आणि पौड मागे पडले की दिवे विरळ होतात. मुळशी धरणाच्या काठाशी पोहोचेपर्यंत उतारावरच्या वाडीत एखादाच बल्ब दिसतो. याच धरणाच्या पाण्यावर 1927 पासून वीज तयार होत आहे. वाडीवर सेवेला जाणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिले आहे. हे असे का झाले, त्याचा आज शास्त्रभागासह अभ्यास करू.

अहाब राजाला भाजीपाल्यासाठी नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. त्याने सुरुवातीला जबरदस्ती केली नाही, हे लक्षात ठेवा. त्याने बदली मळा देऊ केला, तो नको तर पैसे देऊ केले. नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. लेवीय 25 मध्ये जमीन कायमची विकायला मनाई आहे. नाबोथ हट्टी नव्हता, तो नियमाने वागत होता. पुढे ईजबेलने जे केले, तेही सारे कागदोपत्री रीतसर होते. राजाची मोहर लावलेली पत्रे गेली, गावातील वडीलजन बसले, दोन साक्षीदार उभे राहिले, आणि निकाल लागून नाबोथाला दगडमार झाला.

आता मुळशीकडे येऊ. टाटा पॉवर कंपनी 1919 मध्ये स्थापन झाली. मुळा नदी अडवायची, पाणी पश्चिमेला वळवून सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडायचे आणि वीज मुंबईला न्यायची, अशी योजना होती. गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती आणि कोळशाच्या धुरापेक्षा ती नक्कीच बरी होती. हा धडा शिकवताना कंपनीला अहाब ठरवण्याचा मोह होतो. मी तो टाळतो, आपणही टाळावा. इथे कोणी खोटे साक्षीदार उभे करायची गरजच पडली नाही. 1894 चा भूसंपादन कायदा पुरेसा होता.

16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी झाले आणि इथेच ‘सेनापती’ ठरले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. गांधीजींनीही टाटांना आवाहन केले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. लढा सुमारे तीन वर्षे चालला आणि हरला. बावन्न गावांच्या जमिनी गेल्या. राजेंद्र व्होरा यांनी याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे. पण व्होरांच्या अभ्यासातली मला सर्वांत टोचणारी गोष्ट वेगळी आहे. पुष्कळ जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावे होती. ते मोबदल्याच्या बोलणीला तयार झाले. शेत कसणारा लढत राहिला आणि कागद ज्याच्या हातात होता त्याने सौदा केला.

मग ज्याच्याकडे कूळ म्हणूनही नोंद नव्हती त्याचे काय? कातकरी काताचे आणि कोळशाचे काम करत, जंगलात फिरत, दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधत. नाबोथाला राजाने निदान किंमत तरी विचारली. कातकऱ्याला कोणी विचारले नाही, कारण विचारण्यासारखे त्याच्या नावावर काही नव्हते.

हे केवळ आपल्याकडचे नाही. आफ्रिकेत काँगो नदीवरच्या इंगा धरणांची वीज सुमारे 1,700 किलोमीटर लांब तारांवरून तांब्याच्या खाणींना नेली; तारेखालची खेडी अंधारातच राहिली. झांबेझीवरच्या करिबा धरणासाठी 1950 च्या दशकाच्या अखेरीस सुमारे 57,000 टोंगा लोकांना उठवले. त्यांच्या पुष्कळ वस्त्यांना पुढे कित्येक दशके त्या धरणाची वीज मिळाली नाही. मोठ्या धरणाची वीज मोठ्या गिऱ्हाइकाकडे जाते. डोंगरातल्या दहा घरांसाठी खांब टाकणे कोणालाच परवडत नाही.

नंदुरबारमधील धडगाव तालुक्यातले बिलगाव तर वेगळेच उदाहरण आहे. तिथल्या आदिवासींनी 2003 मध्ये केरळच्या अभियंत्यांच्या मदतीने, स्वतः श्रम करून, ओढ्याच्या धबधब्यावर 15 किलोवॉटचा छोटा प्रकल्प उभारला. पाड्यांत दिवे लागले. 2006 मध्ये सरदार सरोवराची उंची वाढली आणि वीज देणारे ते यंत्र वीजप्रकल्पाच्याच पाण्याखाली गेले.

आज कायदा बदलला आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमीन नसलेला, पण त्या जमिनीवर पोट असलेला मजूर, कूळ, वनउपज गोळा करणारा, हे सारे बाधित कुटुंबात मोजले जातात. मात्र त्यासाठी तो तिथे होता हे दाखवावे लागते. विजेचेही तसेच आहे. शेकडा दहा घरांत वीज आली की गाव विद्युतीकृत, अशी सरकारी व्याख्या होती. गावठाणात दिवे लागले की वाडीही हिशेबात धरली जाई. आणि वाडीतल्या माणसाने स्वतः मीटरचा अर्ज केला, तर जागेचा पुरावा मागतात. झोपडी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असेल तर गाडी तिथेच अडते. ज्या कागदाअभावी आजोबांना मोबदला नव्हता, त्याच कागदाअभावी नातवाला मीटर नाही.

म्हणून पुढच्या भेटीला जाताना गोळ्याऔषधे आणि कपड्यांबरोबर एक वही न्या. घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, जातीचा दाखला कोणाकडे आहे ते घरागणिक लिहा. पावती नसेल तर रकाना रिकामा सोडू नका, झोपडीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे ते महाभूलेखवर पाहून लिहा. झोपडी वनजमिनीवर असेल तर ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे दावा करता येतो. 2006 च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत जुनी विहीर, दफनभूमी आणि वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा म्हणून धरला जातो. इज्रेलात वडीलजन बसले ते जमीन घेण्यासाठी. इथे त्यांचे बोलणे जमीन मिळवून देऊ शकते. वाडीतली सर्वांत म्हातारी माणसे कोण, त्यांना जुन्या वस्तीच्या खुणा कुठल्या आठवतात, हे या पावसाळ्याआधी विचारून ठेवा. पावसाळ्यात पायवाट बंद होते, आणि सगळे म्हातारे पुढच्या वर्षी भेटतीलच असे नाही.