वीस तारखेचा कॉम्प्युटर

पुणे

चि. माऊस,


तुझी तिन्ही कोटेशन्स व्हॉट्सॲपवर मिळाली. एक असेंबल केलेला टॉवर, एक लॅपटॉप आणि एक मिनी पीसी. खाली तुझा प्रश्न : “मामा, यातला चांगला कुठला?” दुकानदाराला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्याच्याकडे जो पडून असतो तोच चांगला असतो. तेव्हा त्याच्यापुढे तो काढू नकोस.

त्याऐवजी महिन्याची वीस तारीख डोळ्यांपुढे आण. जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस, पोर्टल रांगतंय, चार क्लायंट बाकावर बसलेत, बाहेर चिपळूणचा पाऊस आणि लाइट ये-जा करतेय. त्या दिवशी जो तुला अडवणार नाही तो कॉम्प्युटर चांगला. आणि एवढंच पुरत नाही. तो त्याच दिवशी बंद पडला तर दुसऱ्या मशीनवर दोन तासांत काम सुरू करता आलं पाहिजे. खरेदी करताना माणसं पहिल्या गोष्टीचा विचार करतात, दुसरीचा करत नाहीत. या पत्रात जे काही लिहितोय ते या दोन कसोट्यांवर घासूनच.

माझं मत मिनी पीसीकडे आहे. एचपी, डेल, लेनोवो या तिघांच्याही ऑफिससाठीच्या छोट्या मशीन असतात, साधारण १८ सेंटिमीटर लांब-रुंद आणि साडेतीन सेंटिमीटर जाड. आकारमान एक लिटरच्या आसपास, म्हणून बाजारात त्यांना ‘वन लिटर पीसी’ही म्हणतात. तुझा गाळा दहा बाय बाराचा. त्यात टेबलाखाली टॉवर ठेवलास की पाय ठेवायला जागा नाही आणि झाडताना सगळी धूळ त्याच्या पोटात. शिवाय गाळा तळमजल्यावर, बाजारपेठेत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावर काय झालं हे तुला मी पुण्यात बसून सांगायला नको. किलो-सव्वा किलोचं मशीन मॉनिटरच्या मागे किंवा भिंतीला उंच लावता येतं, आणि वेळ आलीच तर चार वायरी उपटून पिशवीत टाकून माडीवर नेता येतं. चिपळुणात हा मुद्दा मी बाकी सगळ्यांच्या वर ठेवीन.

वीज वाचते म्हणून मात्र कुणी भरीला पाडलं तर हस आणि सोडून दे. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या टॉवरशी तुलना केली तर फरक तीस-चाळीस वॉटचा. महिन्याचे दोनशे तास धरले तरी सहा ते आठ युनिट. खरा फायदा यूपीएसवर दिसतो. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर. त्यातले निम्मे हाती लागले तरी पुष्कळ. टॅली आणि ब्राउझर चालू असताना मिनी पीसी पंधरा-वीस वॉट घेतो, मॉनिटर वीस-पंचवीस. म्हणजे लाइट गेल्यावर अर्धा-पाऊण तास तू निवांत रिटर्न पुरं करशील. टॉवर असेल तर हा वेळ निम्म्यावर येतो. राउटरही यूपीएसवरच घे, नाहीतर मशीन चालू आणि नेट बंद अशी गंमत होईल. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला कधीही लावू नकोस. कागद तापवायला तो एका झटक्यात शेकडो वॉट ओढतो आणि यूपीएस मान टाकतो.

आता मिनी पीसीच्या कोटेशनकडे वळू. त्यात नुसतं ‘आय५’ लिहिलंय. ‘आय५’ हे आडनाव झालं. ते २००९ पासून बाजारात आहे, त्यात आजोबाही आले आणि नातूही. पूर्ण नाव विचार. ‘आय५-६५००टी’ असेल तर हायफननंतरचा ६ म्हणजे सहावी पिढी, ‘८५००टी’ म्हणजे आठवी. ‘१०५००टी’, ‘१२५००टी’ असं असेल तर पहिले दोन आकडे पिढीचे. शेवटचा ‘टी’ म्हणजे ३५ वॉटचा, कमी तापणारा प्रोसेसर. छोट्या मशीनमध्ये बहुधा तोच असतो.

हे एवढ्या तपशिलात सांगायचं कारण असं. मोठ्या कंपन्यांतून निघालेल्या छोट्या मशीन रिफर्बिश्ड म्हणून ढिगानं विकायला येतात आणि त्या खरंच चांगल्या असतात. पण विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीन स्वस्तात मिळतात त्या यामुळेच. दुकानदार त्यावरही विंडोज ११ ‘बसवून देतो’. विंडोजच्या नियमाला बगल देऊन बसवलेलं ते, उद्या एखादा मोठा अपडेट घ्यायला नकार देईल, आणि तो दिवस कुठला असेल ते सांगता येत नाही. शिवाय आठव्या पिढीत आय५ ला चाराऐवजी सहा कोर आले. म्हणून जुनं घेतलंस तरी आठवीच्या खाली उतरू नकोस. वर्ष-दोन वर्षांपुरतं नव्हे, पाच वर्षांसाठी घ्यायचं तर बारावीकडे बघ.

कागदावर विसंबू नकोस, काउंटरवरच मशीन चालू करायला लाव. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलंस की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जा. सीपीयूवर टिचकी मारलीस की प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसेल. मेमरीवर किती जीबी आहे ते आणि दोन स्लॉटपैकी किती भरलेत ते. डिस्कच्या नावापुढे एसएसडी लिहिलंय की एचडीडी ते. मग सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज ॲक्टिव्हेट आहे का पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. जो दुकानदार एवढ्यालाही कुरकुरतो, त्याच्याकडून काही घेऊ नये.

रॅम १६ जीबी घे. टॅलीला एवढी लागत नाही, पण तुझ्या ब्राउझरमध्ये जीएसटी, इन्कम टॅक्स, बँक आणि मेल मिळून वीस टॅब उघडे असतात हे मी दिवाळीत पाहिलंय. ८ जीबीत ते बसतं, पण दाटीवाटीनं. स्लॉट दोन असतील तर आज एक भरून एक मोकळा ठेवता येतो. काही स्वस्त मिनी पीसीत रॅम बोर्डावरच जोडलेली असते, ती वाढवता येत नाही, हे आधी विचार. डिस्क एसएसडीच, ५१२ जीबी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर कितीही भारी प्रोसेसर बसवलास तरी मशीन सकाळी उठायलाच चहाचा वेळ घेईल. रिफर्बिश्ड घेतलंस तर आतली एसएसडी काढून नवी टाकायला सांग. कुणीतरी वर्षानुवर्षं घासलेल्या डिस्कवर क्लायंटचे हिशोब ठेवू नयेत.

एंट्रीला येणाऱ्या मुलीसाठी एवढं सगळं नको. इंटेलचा एन१०० हा २०२३ मध्ये आलेला चार कोरचा ६ वॉटचा प्रोसेसर एंट्री, पीडीएफ आणि प्रिंट यांना पुरतो. तिथे पैसे वाचव आणि ते दोन चांगल्या २४ इंची मॉनिटरमध्ये घाल. दिवसभर आकडे वाचायचे तुझे डोळे आहेत, प्रोसेसरचे नाहीत.

लहान मशीनची दुखणीही ऐकून ठेव. एक, पोर्ट. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचा (डीएससी) टोकन, पेन ड्राइव्ह, सहा तर इथेच झाले. सहा यूएसबी पोर्ट आणि लॅनचा पोर्ट असेल तेच घे. टोकन पुढच्या पोर्टात लटकत ठेवलास तर कुणाचा तरी हात लागून वाकतो, त्याला वीतभर एक्स्टेंशन वायर लाव. वायरलेस माउसचा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टातल्या चालू पेन ड्राइव्हला खेटून ठेवू नकोस, त्या गोंगाटानं माउस अडखळतो आणि आपण सेल बदलत बसतो.

दोन, मॉनिटरच्या मागे लावताना पाठीवरची चार भोकं मोकळी आहेत का बघ. कित्येक मॉनिटरचा स्टँड त्याच भोकांत बसवलेला असतो, मग मशीन लावायचं कुठे? आणि पॉवरचं बटण मागे गेल्यावर रोज चाचपडावं लागतं. काही मशीन कीबोर्डवरून चालू होतात, तशी सोय आहे का विचार.

तीन, उष्णता आणि ओल. आतला पंखा लॅपटॉपसारखा बारीक असतो, जाळीत धूळ बसली की तो ओरडायला लागतो आणि मशीन मुद्दाम हळू चालतं. यूपीएसच्या डोक्यावर किंवा फायलींच्या गठ्ठ्यात ते कोंबू नकोस, आणि पावसाळ्याआधी एकदा ब्लोअर मारून घे.

चार, दुरुस्ती. टॉवरचा एसएमपीएस गेला तर चिपळुणातला कुणीही तासाभरात बदलून देईल. मिनीचा बोर्ड गेला तर तो कंपनीकडूनच येणार. म्हणून ऑनसाइट वॉरंटी घे, आणि तुझ्या पिनकोडला माणूस खरंच येतो का ते कंपनीच्या नंबरवर स्वतः विचार. अनोळखी ब्रँडच्या नादी लागू नकोस. इंटेलसारख्या कंपनीनंसुद्धा जुलै २०२३ मध्ये आपल्या एनयूसी मिनी पीसीतून हात काढून घेतला. तो धंदा असूसनं पुढे चालवला म्हणून गिऱ्हाइकांना वाली राहिला. निनावी डब्याला तो कोण देणार? ॲडॉप्टर प्रत्येक कंपनीचा निराळा, तेव्हा एक जास्तीचा घेऊन कपाटात ठेव. पुष्कळदा मेलेलं वाटणारं मशीन ठणठणीत असतं, ॲडॉप्टर तेवढा गेलेला असतो.

तुझ्या आतेभावाच्या टेबलावरची मॅक मिनी सुंदर आहे यात शंका नाही. पण टॅलीप्राइम विंडोजवर चालतं आणि तुझ्या कामाच्या बऱ्याच युटिलिटी विंडोज धरूनच केलेल्या असतात. शिवाय ॲपलच्या आताच्या चिपवर पूर्वीसारखं थेट विंडोज टाकता येत नाही. त्याचं काम वेगळं, तुझं वेगळं.

राहता राहिला लॅपटॉप. नवा घेऊ नकोस, पण घरातला जुना विकूही नकोस. आता दुसरी कसोटी, म्हणजे मशीन बंद पडलं तर काय. त्या लॅपटॉपवर टोकनचा ड्रायव्हर, डिजिटल सहीचं एमसायनर आणि प्रिंटर आजच टाकून ठेव आणि महिन्यातून एकदा त्याच्यावरून एखादं रिटर्न मुद्दाम भर. टॅलीचं लायसन्स ज्या ईमेलवर आहे तो ईमेल तुझा आहे का ते तपास. पुष्कळांचा तो विकणाऱ्याचाच असतो, आणि मशीन बदलायची वेळ आली की त्याचा फोन लागत नाही. रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप दोन ठिकाणी घे, एक बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर. ती डिस्क गाळ्यात ठेवायची नाही, पर्समध्ये घालून घरी न्यायची. लोकांचे पॅन आणि आधार तुझ्याकडे असतात म्हणून डिस्क एन्क्रिप्ट कर, आणि तिची रिकव्हरी की कागदावर छापून घरच्या फायलीत लाव. ती हरवली तर चोराबरोबर तूही बाहेर.

तेव्हा दुकानदाराला नवं कोटेशन माग. प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती आणि स्लॉट किती, एसएसडी नवी, विंडोज ११ प्रो लायसन्ससह, ऑनसाइट वॉरंटी तीन वर्षं, आणि पक्कं बिल. यातलं एकही गाळलं तर परत पाठव. खरेदी महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर कर, म्हणजे पुढच्या रिटर्नच्या आधी मशीन हाताखालून जाईल. डिलिव्हरी आली की जुन्यावरचं काहीही पुसू नकोस. एक पूर्ण महिना दोन्ही चालू राहू देत, मग बघू.

ताईला नमस्कार सांग. कोटेशन आलं की लगेच पाठव, रात्री अकरापर्यंत मी जागा असतो.

तुझा,
मामा