लॅपटॉपमधून टिकटिक येते, डिस्क जाणार का?

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर भाच्याने लिनक्स मिंट टाकून दिलं. काम छान चालतं, पण बॅटरीवर असताना थोड्या थोड्या वेळाने आतून ‘टिक’ असा आवाज येतो. मध्येच फाइल उघडायला दोन-तीन सेकंद अडतं. हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या, मग निवांत वाचा. कारण हा आवाज बहुधा आजाराचा नाही, अति काटकसरीचा आहे.

लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि तिच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर हेड तरंगत असतं. काही सेकंद काम नसलं की डिस्क ते हेड बाजूच्या उतरणीवर नेऊन ठेवते. थोडी वीज वाचते, लॅपटॉपला धक्का बसला तरी तबकडीवर ओरखडा येत नाही. तुम्हाला ऐकू येणारं ‘टिक’ ते हेच.

अडचण अशी की लिनक्स डिस्कला फार वेळ निजू देत नाही. लिहायचा मजकूर ते आधी मेमरीत साठवतं आणि थोड्या थोड्या वेळाने डिस्कवर उतरवतं. एक्स्ट-४ फाइल सिस्टिम आपली नोंद मुळात दर ५ सेकंदांनी पक्की करते. फायरफॉक्स उघडा असेल तर तोही उघड्या टॅबची यादी दर १५ सेकंदांनी जपून ठेवू पाहतो. म्हणजे डिस्क हेड उचलून ठेवते न ठेवते तोच पुन्हा बोलावणं येतं. २००७ साली उबुंटूच्या वापरकर्त्यांत यावरूनच मोठा गदारोळ झाला होता. दोष उबुंटूचा की डिस्कमध्ये कारखान्यातूनच भरलेल्या सेटिंगचा, यावर तेव्हा बरंच भांडण झालं.

निदान करायला स्मार्टमॉनटूल्स हे साधन बसवा आणि त्यातल्या स्मार्टसीटीएल या आज्ञेने डिस्कचा अहवाल काढा. त्यात १९३ क्रमांकाची ओळ ‘लोड सायकल काउंट’ची, म्हणजे हेड किती वेळा उचलून ठेवलं त्याची. तिच्या शेवटच्या रकान्यातला आकडा बघा, मधल्या रकान्यांकडे लक्ष देऊ नका. लॅपटॉपच्या डिस्क बहुधा अशा ३ ते ६ लाख फेऱ्यांसाठी बनवलेल्या असतात. दर अर्ध्या मिनिटाला एक टिक आणि रोजचे सहा तास धरले तर दिवसाला ७२० होतात. ६ लाख सव्वादोन वर्षांत संपतात. आकडा ओलांडला की डिस्क त्याच दिवशी बंद पडते असं नाही, पण उगाच कशाला झिजवायची? त्याच अहवालात ५ आणि १९७ क्रमांकाच्या ओळींत शेवटचा आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल, तर मात्र डिस्क खरंच खराब होते आहे. मग सेटिंगच्या नादी न लागता ती बदला.

उपाय एचडीपार्म या आज्ञेत आहे. तिचा कॅपिटल बी हा पर्याय १ ते २५४ आकडे घेतो. १२७ पर्यंत तबकडी थांबवायची मुभा असते, १२८ पासून पुढे नसते. पण १२८ वरही हेड उचलणं चालूच राहू शकतं, हे बरेच जण विसरतात. मी तुमच्या जागी असतो तर विजेवर आणि बॅटरीवर दोन्हीकडे २५४ ठेवलं असतं. अडीच इंची डिस्क नुसती फिरताना जेमतेम एक वॉट खाते. त्यासाठी एवढी कटकट परवडत नाही. पडद्याचा उजेड कमी केलात तर याहून जास्त बॅटरी वाचेल. डिस्क किंचित जास्त तापेल, तेव्हा पंख्याची धूळ काढून घ्या.

फाइल उघडताना अडतं ते तबकडी पूर्ण थांबून पुन्हा गती घेते म्हणून, आणि त्या वेळी ती क्षणभर चार-पाच वॉट ओढते. कॅपिटल एस या पर्यायातली वेळ कुणी चुकीची भरली असेल, तेही तपासा. तिथे आकडा मिनिटांचा नसतो. २४० पर्यंत प्रत्येक एकक ५ सेकंदांचं, म्हणून दहा मिनिटं समजून १० लिहिलं की डिस्क ५० सेकंदांत झोपते. दहा मिनिटांसाठी १२० लिहावं लागतं. २४१ म्हणजे एकदम अर्धा तास! शून्य लिहिलं की हा खेळच बंद.

हे टर्मिनलमध्ये दिलेलं सेटिंग बंद-चालू केल्यावर विसरलं जातं, कधी लॅपटॉप झोपवून उठवल्यावरही. म्हणून ते एचडीपार्मच्या कॉन्फ फाइलमध्ये लिहा. भाच्याने टीएलपी हे वीज वाचवणारं साधन बसवलं असेल तर आकडा त्याच्या फाइलमध्ये द्या. नाहीतर एक सांगेल २५४, दुसरं परत १२८ करेल. एवढं केल्यावर तासाभराने १९३ ची ओळ पुन्हा बघा. आकडा तरीही तसाच धावत असेल, तर तुमची डिस्क या आज्ञेला जुमानत नाही. वेस्टर्न डिजिटलच्या ग्रीन मालिकेत ८ सेकंदांचं वेगळंच घड्याळ असतं आणि त्यासाठी आयडल३सीटीएल हे स्वतंत्र साधन आहे. ते वापरल्यावर नुसतं रीस्टार्ट पुरत नाही, लॅपटॉप पूर्ण बंद करून मग सुरू करावा लागतो.